साडूची पाठ

बगळ्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर द्यायला तो दोन मिनिटं घेणार. पण साडूच्या पाठीवर तीळ किती, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी ताडकन सांगेल: सात. एक मानेखाली, दोन उजव्या खांद्यावर आणि उरलेले चार कंबरेच्या वर, फाशावरच्या चार ठिपक्यांसारखे. बायकोच्या पाठीवर किती, हे मात्र त्याला माहीत नाही. ते त्याला माहीत नाही हे बायकोला माहीत आहे, आणि त्यावरून घरात एकदा दोन दिवस अबोला झालेला आहे.

दोष बगळ्याचा नाही, होडीचा आहे. शर्यतीच्या होडीत माणसं उलटी बसतात. होडी निघते एका दिशेला आणि तोंडं असतात दुसरीकडे. दोघांच्या होडीत एकामागे एक बसायचं, म्हणजे मागच्याला सगळी शर्यतभर पुढच्याची पाठ दिसते आणि पुढच्याला मागच्याचा फक्त आवाज येतो. बगळा मागचा. पुढचा मास्तर, शाळेत गणित शिकवणारा. अकरा वर्षं बगळ्याने त्या पाठीमागे बसून वल्ही मारली आणि अकरा वर्षं त्या दोघांतून विस्तव गेला नाही. समेट घडवायला आलेले लोक दमून आपापल्या घरी गेले. हे दोघं मात्र रोज सकाळी साडेपाचला धक्क्यावर हजर.

बगळा पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, काटकुळा, गुडघे गरजेपेक्षा जास्त मोठे. सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा नदीवरच्या क्लबात आला, तेव्हा बूट भिजू नयेत म्हणून एक पाय वर धरून पाण्यात उभा होता. प्रशिक्षकाने मोटरबोटीतून हाक मारली, "ए बगळ्या, दुसरा पायपण तुझाच आहे, टेक खाली." झालं. कागदावरचं नाव तेवढं पासपोर्टात राहिलं. प्रशिक्षक स्वतः भोंगा. गळ्यात कर्णा अडकवून तो होड्यांच्या बाजूने मोटरबोट हाकायचा आणि त्या कर्ण्यातून बोलायची इतकी सवय झालेली, की लग्नकार्यातही शेजारच्या माणसाशी दोन्ही हात तोंडाभोवती धरून बोलायचा.

या भोंग्यानेच ती जोडी लावली. एका हिवाळ्यात त्याने क्लबातल्या आठ जणांच्या सगळ्या जोड्या फिरवून पाहिल्या. जिवलग मित्र एका होडीत बसवले, ते गप्पा मारत राहिले. सख्खे भाऊ बसवले, ते एकमेकांना सांभाळून घेत राहिले. आणि ज्या दोघांचं धक्क्यावर उभं राहूनही पटत नव्हतं, त्यांची होडी सगळ्यांच्या पुढे, चार होड्यांच्या लांबीइतकी. मास्तर तेव्हाच सगळ्यांसमोर म्हणाला, "हा नको. याच्या श्वासाचा आवाज होतो."

"मेल्याचा होत नाही," बगळा म्हणाला. "तसा हवा असेल तर सांग."

भोंग्याने वहीत दोघांची नावं लिहिली आणि खाली रेघ मारली.

त्या रेघेच्या जोरावर बगळ्याने चौदा देश पाहिले. म्हणजे चौदा तलाव पाहिले, आणि तेही उलटे बसून. शेजारीपाजारी विचारायचे, "मग काय, फिरून आलात?" त्याला सांगता यायचं नाही, की आपण विमानतळावरून तलावावर जातो, तलावावरून विमानतळावर येतो, आणि मध्ये दोन हजार मीटर एक पाठ बघतो. ज्या इमारतींत तो लिफ्ट दुरुस्त करायचा, तिथल्या एका आजींना दहा वर्षांत समजलेली गोष्ट एवढीच होती: "होडीवर आहेस होय? मग मासे ताजे मिळत असतील." बगळा हो म्हणायचा. खरं सांगायला लिफ्ट दुरुस्त होईपर्यंतचा वेळ पुरला नसता.

खरं असं होतं, की मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांची होडी चार वेळा चौथी आली होती. चौथा म्हणजे काय, हे ज्याला पाचव्या-सहाव्याचा अनुभव आहे त्याला नाही कळायचं. पाचवा हरतो आणि जेवायला जातो. चौथा पदकांचा समारंभ बघत कपडे बदलतो. बगळ्याला एक पदक हवं होतं. कुठलंही. सोन्याचा त्याने कधी हट्टच धरला नव्हता. आता तो चौतीस वर्षांचा होता, गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले होते, आणि हे शेवटचं वर्ष असं त्याने बायकोला शब्द देऊन सांगितलं होतं.

बायको म्हणजे मास्तरच्या बायकोची धाकटी बहीण. हाही एक उपद्व्यापच. मास्तरचं लग्न आधी झालं होतं. धाकटी मेहुणी भाऊजींची शर्यत बघायला म्हणून धक्क्यावर यायला लागली आणि तिचं लक्ष भाऊजींच्या मागे बसलेल्या लांबोडक्याकडे गेलं. "का आवडला तुला हा?" असं तिला बहिणीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी बोलत असताना हा जांभई देतो." मास्तरने सासऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात बगळ्याचे दोष क्रमांक घालून मांडले होते, एकूण सतरा. सासऱ्यांनी पत्र वाचून विचारलं, "हा मनुष्य इतका वाईट असून तुम्ही रोज त्याच्याबरोबर दोन तास पाण्यात असता. म्हणजे पोहायला तरी येतंच असेल?" आणि लग्न लावून दिलं. अशा रीतीने ज्या माणसाला मास्तर होडीत सहन करत नव्हता, तो रविवारी सासूबाईंच्या टेबलावरही समोर येऊन बसला. समोर म्हणजे तिरका. अगदी समोर बसायला दोघंही तयार नसत.

पण सगळ्या वैराचं मूळ होतं ताटात.

ही जोडी हलक्या वजनाच्या गटातली. त्या गटाचा नियम साधा आहे: दोघांच्या वजनांची बेरीज एकशे चाळीस किलोच्या वर जाता कामा नये. आणि एकटा कोणीही साडेबहात्तरच्या वर नको. आता बेरीज एकशे चाळीस, पण त्यातले कोणाचे किती, हे नियम सांगत नाही. मास्तरने ते चौकटीच्या कागदावर सिद्ध करून दाखवलं. पुढे बसणारा ताल धरतो, म्हणून त्याला वजन लागतं. मागच्याने मागोमाग यायचं असतं. सबब मास्तर बहात्तर, बगळा अडुसष्ट. भोंग्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण अक्षर फार सुबक होतं. बगळा हरकत घ्यायला हजर नव्हता. तो त्या वेळी चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या एका वकिलाला लिफ्टच्या छतातून बाहेर काढत होता.

तेव्हापासून हिशोब असा, की मास्तरने जास्तीचं बिस्कीट खाल्लं तर ते बगळ्याच्या पोटातून जाणार. जगात भाऊबंदकी जमिनीवरून होते, विहिरीवरून होते. यांची उकडलेल्या बटाट्यावरून. रविवारी सासूबाई मास्तरच्या ताटात लोणी घालायला लागल्या, की बगळ्याचा हात आपल्या ताटातला पाव खाली ठेवायचा.

"जावईबापू, खात का नाही?"

"यांनी खाल्लं ना, सासूबाई. माझं झालं."

"बहात्तर हा माझा हक्क आहे," मास्तर तिरक्या खुर्चीवरून सांगायचा.

"हक्क सत्तेचाळीसाव्या चमच्यालाच संपला. मी मोजतोय."

पूर्वी भोंगा दर शनिवारी दोघांचं वजन करायचा. पण बगळ्याचं म्हणणं, मास्तर काट्यावर उभा राहून भिंतीला बोट टेकवतो. मास्तरचं म्हणणं, आपण उभे असताना बगळा मागून काट्यावर पायाचा अंगठा ठेवतो. एका शनिवारी हे इतकं वाढलं, की भोंग्याने काटा उचलला आणि नदीत टाकला. मग कर्ण्यातून, तीन फुटांवरून, म्हणाला, "वजन तुमचं, लाज तुमची. स्पर्धेच्या दिवशी बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर मी तुम्हाला ओळखत नाही." त्यानंतर दोघं आपापल्या घरच्या काट्यावर उभे राहू लागले. एकमेकांना आकडा विचारणं म्हणजे तर शरणागतीच.

आकडा नाही, म्हणून हेर आले. दोघांचेही हेर घरातलेच. बहिणी रोज फोनवर बोलायच्या आणि बहिणी म्हटलं की स्पर्धा आलीच. मास्तरची बायको म्हणायची, "आमच्याकडे काही उपाशीबिपाशी राहणं नाही बाई. काल केक केला, ह्यांनी अर्धा संपवला." खरं तर अर्धा केक तिने आणि मुलीने संपवला होता आणि मास्तर शेजारी बसून काकडी चावत होता. पण आपला नवरा काकडी चावतो, हे धाकट्या बहिणीला कोण सांगेल? धाकटीही काही कमी नव्हती. "आमचे तर काय, आता वजनाची फिकीरच करत नाहीत. सकाळी चार अंडी." त्या घरात त्या आठवड्यात अंडं शिरलं नव्हतं. दोघी फोन ठेवायच्या आणि आपापल्या नवऱ्याला बातमी द्यायच्या. दोघं नवरे मनात आकडेमोड करायचे आणि आणखी एक घास खाली ठेवायचे.

त्या शेवटच्या वर्षी बगळ्याकडे स्वतःचा पुरावाही होता. उन्हाळ्याच्या आधीपासून मास्तरची कंबर जाड दिसायला लागली. बगळा ती पाठ अकरा वर्षं वाचत होता. तिच्यावर बारीकशी वळी आली तरी तो ग्रॅममध्ये सांगू शकला असता. आता घट्ट बनियनखाली, चार तिळांच्या जागी, चांगला दोन बोटं जाडीचा फुगवटा. बगळ्याने हिशोब केला: हा नक्की चौऱ्याहत्तर आहे. शेवटच्या दिवसात घाम काढून साडेबहात्तरवर आणेल, त्याच्या खाली येणार नाही. म्हणजे मला साडेसदुसष्ट. आणि त्याचा काय भरवसा? म्हणून सदुसष्ट. आणि सुरक्षित राहायला साडेसहासष्ट.

तो लिफ्टच्या यंत्रखोलीत बसून कोरडा पाव खायचा, चौकोन चौकोन, आणि शेवटचा चौकोन परत डब्यात ठेवायचा. बाराव्या मजल्यापर्यंत हत्यारांची पेटी घेऊन जिन्याने जायचा, लिफ्ट चालू असली तरी. एकदा एका बाईंनी विचारलं, "लिफ्ट नीट झाली ना? मग तुम्ही का चालत?" त्यावर तो म्हणाला, "माझा साडू केक खातो." बाईंनी मुलाला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

मास्तरही स्वस्थ बसला नव्हता. त्याच्या कानात चार अंडी होती. हा लांबोडका सत्तरावर गेला असणार, असं त्याने गणिताने काढलं, म्हणजे आपल्याला सत्तर. आणि लांबोडकाच तो, म्हणून आणखी अर्धा किलो कमी. शाळेत दुपारच्या सुट्टीत तो डबा उघडायचा, आत बघायचा आणि झाकण लावायचा. मुलांना वाटायचं, सरांनी डब्यात काही पाळलं आहे.

परदेशी जाण्याआधीचे तीन आठवडे संघ एकाच ठिकाणी राहिला. पण दोघं वेगळ्या टेबलांवर पाठमोरे बसत, आणि भोंग्याला गालफडं बसलेली माणसं बघायची वीस वर्षांची सवय होती. जमिनीवर त्यांनी एकमेकांकडे मुळीच बघितलं नाही. होडीत बगळ्याला पाठ दिसत होती आणि पाठ खोटं बोलत होती.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी वारा इतका सुटला, की प्राथमिक फेऱ्या रद्द झाल्या. त्यांच्या गटात सहाच होड्या होत्या, म्हणून सगळ्यांची दुसऱ्या दिवशी थेट अंतिम शर्यत लागली. शर्यतीच्या दोन तास आधी वजन. पत्र्याची खोली, मध्ये एक काटा, टेबलामागे चष्मेवाली अधिकारी बाई. बगळा आतल्या चड्डीवर काट्यावर चढला. बाईने लिहिलं: साडेसहासष्ट. मास्तर चढला. साडेएकोणसत्तर. बाईने बेरीज केली, चष्मा काढला, पुसला, परत केली.

"एकशे छत्तीस," ती म्हणाली. "तुम्ही आजारी आहात का?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे समोरासमोर बघितलं. बगळ्याला दिसला हाडांचा एक सापळा, ज्याच्या कंबरेला करड्या रंगाचा रुंद पट्टा गुंडाळलेला होता. मास्तरला दिसला त्याहून जुना सापळा.

"चार किलो," बगळा म्हणाला. "चार किलो आपण फुकट..."

"तू चार अंडी खात होतास ना रे?"

"कोणी सांगितलं? तू केक खात होतास."

"कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं हे दोघांना एकाच क्षणी कळलं आणि दोघांनीही तो विषय तिथेच सोडला, कारण बायकोला दोष द्यायची हिंमत परदेशातही होत नव्हती.

"हे काय आहे?" बगळ्याने पट्ट्याकडे बोट केलं.

"पाठ गेलीय माझी. तीन महिने झाले."

"मग सांगायचं."

"तुला? तू दुपारपर्यंत माझ्या जागी कोणीतरी कोवळा पोरगा बसवला असतास."

"सकाळपर्यंत," बगळा म्हणाला. मास्तरशी तो खोटं बोलायचा नाही.

भोंगा पाव, मुरांबा, केळी, मीठपाणी जे हाताला लागेल ते घेऊन धावत आला. पुढचा पाऊण तास दोन माणसं एकमेकांना खायला घालण्यासाठी भांडत होती. "तू खा." "तू खा, तुला शेवटच्या पाचशे मीटरला ओढायचं आहे." "मला सांगू नकोस, तुझी हाडं वाजतायत." असं वाटलं असेल कोणाला की प्रेम उतू जातंय. तसं काही नव्हतं. पुढच्या दोन तासांत दुसरा कोसळला तर होडी आपल्याला एकट्याला ओढावी लागेल, एवढीच काळजी.

दोन तासांत पोट भरतं, अंग नाही भरत. पंधराशे मीटरपर्यंत ते दुसरे होते. मग बगळ्याला वाटलं, कोणीतरी आपल्या हातांतून दोऱ्या काढून घेतल्या. वल्हं पाण्यात जात होतं, पण पाणी जड झालं होतं. मास्तरच्या पाठीवरचे स्नायू उड्या मारत होते, घोड्याच्या कातडीसारखे. एक होडी बाजूने गेली. मग दुसरी, शेवटच्या दहा फटक्यांत. फलकावर आलं: चौथे. आठ शतांश सेकंदाने.

आता होडीची एक गोष्ट सांगायला हवी. ती माणसाच्या कंबरेएवढीच रुंद असते, वल्ही पाण्यावर आडवी असली तरच सरळ राहते, आणि पाय आत बुटांत बांधलेले असतात. अशा होडीत कोणी वळून मागे बघत नाही. हे दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तरने दोन्ही वल्ही सोडली, कंबरेतून पूर्ण वळला आणि बगळ्याला म्हणाला, "तू अंडी का नाही खाल्लीस रे, गाढवा?"

होडी उलटली. सहा देशांच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम रेषेच्या वीस मीटर पलीकडे, दोन आंतरराष्ट्रीय खेळाडू पहिल्या दिवशीच्या पोरांसारखे पाण्यात गेले.

वर आले तेव्हा एक उपड्या होडीच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. मध्ये होडीचं पोट, हनुवटीपर्यंत पाणी, आणि हातभर अंतरावर एकमेकांचं तोंड.

"गाढव कोणाला म्हणतोस? पट्टा बांधून कंबर फुगवणारा तू."

"तू माझी कंबर बघायला होतास की वल्ही मारायला?"

"दुसरं काय बघणार तिथून? अकरा वर्षं तीच बघतोय. तू बहात्तर, मी अडुसष्ट, तो कागद अजून आहे माझ्याकडे. एकदा तरी तू मागे बस आणि माझी पाठ बघ, म्हणजे कळेल उपाशी माणूस मागून कसा दिसतो."

"मी मागे? ताल कोण धरणार?"

"मी धरेन. तुझा ताल धरून चार वेळा चौथे आलो, आज पाचव्यांदा."

बचावबोट येऊन थांबली होती. तिच्यातल्या माणसाने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. शेवटी भोंग्याचा कर्णा काठावरून आला: "बाहेर येऊन भांडा. पाणी दुसऱ्या देशाचं आहे."

घरी आल्यावर बगळ्याने वल्ही पुसली, क्लबातलं कपाट रिकामं केलं आणि बायकोला म्हणाला, "संपलं. शब्द दिला होता."

बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली. "म्हणजे भाऊजी आता दुसरा जोडीदार घेणार?"

"घेऊ दे."

"आणि त्यांना पदक मिळालं तर? ताई ते दिवाणखान्यात लावणार. रविवारी मी तिथे बसून ते बघणार."

"मी शब्द दिला होता."

"दिला होतात मला. मी परत करते. आणि उद्यापासून खरंच अंडी खा. मी ताईला आधीच सांगून बसलेय."

भोंग्याने मास्तरला स्पष्ट सांगितलं होतं, की तुझी पाठ बरी होईपर्यंत पुढे बसून ताल धरणं तुला झेपायचं नाही. मागे बसायचं तर बस, नाहीतर शाळेत जा. मास्तर चार दिवस शाळेत गेला. पाचव्या दिवशी सकाळी साडेपाचला धक्क्यावर आला, मागच्या जागेवर बसला, आणि बगळ्याची पाठ समोर आल्याबरोबर म्हणाला, "हे काय आहे? धुण्याच्या फळीला चड्डी घातलीय."

"बघून घे. बारा महिने हीच आहे."

वजनाचं आता बदललं. दर शनिवारी सासूबाईंच्या न्हाणीघरातल्या काट्यावर, दोघांच्या बायका दोन बाजूंना पंच म्हणून उभ्या करून, वजन व्हायचं. सत्तर आणि सत्तर. मास्तरने नवा कागद लिहून सत्तराचंही गणित सिद्ध केलं, म्हणजे ते आधीपासून त्याचंच होतं.

आणि मागच्या जागेवरून मास्तरला एक नवीनच सुख मिळालं. बोलायचं काम मागच्याचं असतं. किती मीटर राहिले, कोण कुठे आहे, वेग कधी वाढवायचा, हे मागचा सांगतो. बगळा ते अकरा वर्षं सात-आठ शब्दांत करायचा. मास्तरला वर्ग मिळाला. "डावा हात. डावा हात म्हटलं. तुला डावा कळतो की दाखवू? खांदा पाड. लिफ्टमध्ये माणसं अडकवून ठेवतोस तसा श्वास अडकवू नकोस. हे वल्हं आहे की झाडू?" दोन हजार मीटर, साडेसहा मिनिटं, पूर्णविराम नाही. बगळा त्या आवाजापासून लांब जायचं म्हणून जीव खाऊन ओढायचा. पण आवाज त्याच होडीत बसलेला. जितकी होडी पळेल तितकाच तोही पळायचा. भोंगा घड्याळ बघायचा आणि बोलायचा नाही, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

पुढच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दोनशे मीटरला बगळ्याचे गुडघे म्हणाले, पुरे. मागून मास्तर म्हणाला, "थांब. जरूर थांब. मी तुझ्या सासूला सांगतो की तू थांबलास." बगळा थांबला नाही. रेषा ओलांडली तेव्हा त्याच्यासमोर कोणाची पाठ नव्हती, मोकळं पाणी होतं आणि त्या पाण्यावर मागे पडलेल्या होड्या. वल्हवणाऱ्याला पुढचे दिसत नाहीत. ज्यांना हरवलं तेवढेच दिसतात. त्याने मोजलं. एक, दोन. मग डावीकडच्या कडेला, वाकून, तिसरी.

सहातल्या तीन मागे. तो परत मोजायला लागला.

"तीनच आहेत," मागून आवाज आला, धापा टाकत. "दहावेळा मोजलंस तरी चार होणार नाहीत. तू डाव्या हाताने ओढलं असतंस तर झाले असते."

समारंभात कांस्यपदक गळ्यात पडलं तेव्हा बगळ्याने ते उलटंसुलटं करून बघितलं. मास्तरने पलीकडच्या पायरीवरच्या रौप्यपदकवाल्यांकडे बघत सांगितलं, की ते आपल्यापेक्षा अर्ध्या लांबीनेच पुढे होते आणि ती अर्धी लांबी कोणाच्या खांद्यामुळे गेली ते सगळ्यांना माहीत आहे. बगळा म्हणाला, "मला पदक मिळालं. आता मी तुझं तोंड फक्त रविवारी बघणार." आणि परत आल्यावर त्याने खरोखरच क्लबात लेखी कळवलं, की आपण थांबलो.

मास्तर त्या रविवारी सासूबाईंकडे आला तो चिडूनच. दुसरा जोडीदार म्हणून भोंग्याने बावीस वर्षांचा एक मुलगा दिला होता, आणि तो मुलगा मास्तरला "हो सर" म्हणायचा.

"पळपुटा," मास्तर खुर्ची ओढत म्हणाला. "पुढच्या वर्षी रौप्य होतं."

"मग आण. त्या पोराबरोबर."

"तो पोरगा उलट बोलत नाही. बोलल्याशिवाय होडी चालते का?"

बगळा बारा वर्षांत पहिल्यांदा भूक लागली म्हणून जेवत होता. त्याने दोन बटाटे संपवले, त्यांवर लोणी फासून तिसरा घेतला, मग पाव, मग पावाचा दुसरा तुकडा. सासूबाई प्रसन्न होऊन भांडंच पुढे सरकवून बसल्या. "घ्या, जावईबापू, अजून आहे."

त्याने चौथा बटाटा घेतला. तिरक्या खुर्चीवर मास्तर बोलता बोलता थांबला. त्याने त्या बटाट्याकडे बघितलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं, आणि आपल्या हातातला पाव अलगद ताटात खाली ठेवला.